शब्दचर्चा : जनुकीय आंतरक्रिया

प्रश्न
यीस्टमध्ये आरएनए तोडणाऱ्या एक्सआरएन-१ या एंझाइमवरच्या प्रकरणाचा अनुवाद करते आहे. एक वाक्य असं झालंय : 'एक्सआरएन-१ आणि स्की-२ यांच्यात कृत्रिम प्राणघातक स्वरूपाची जनुकीय आंतरक्रिया आढळते.' हे वाचून कुणालाही वाटेल की दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि बाहेरून घातलेलं काहीतरी पेशीला मारतं. प्रत्यक्षात यातलं काहीच होत नाही. 'कृत्रिम' आणि 'आंतरक्रिया' या दोन्हींना पर्याय हवे आहेत.

प्रतिसाद १
'कृत्रिम' तर काढाच. मूळ 'सिंथेटिक लीथल' या संज्ञेतलं 'सिंथेटिक' म्हणजे बनावट नव्हे; एकत्र आल्यामुळे घडणारं. डॉबझान्स्की यांनी १९४६ मध्ये ही संज्ञा फळमाशीच्या संदर्भात वापरली. धडधाकट माश्यांच्या दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होऊन जे नवं गुणसूत्र बने, ते कधीकधी मारक ठरे. मूळची दोन्ही निर्दोष, जुळणी तेवढी घातक. मी 'संयोगमारक' म्हणेन. भाववाचक रूप 'संयोगमारकता'.

तुमच्या उदाहरणाला हा शब्द चपखल बसतो. पेशीद्रवात निरोप्या आरएनए संपवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत शेपूट आखूड होते, डीसीपी-२ हे एंझाइम पुढच्या टोकावरची टोपी काढतं आणि मग एक्सआरएन-१ त्या उघड्या ५' टोकापासून रेणू खात जातं. दुसरीत एक्सोसोम, म्हणजे आरएनए तोडणारा प्रथिनांचा संच, ३' टोकाकडून उलटा येतो आणि त्याला स्की-२, स्की-३, स्की-८ यांच्या संकुलाची मदत लागते. एक्सआरएन-१चं जनुक काढलं तर पेशी मंद वाढते, पण जगते. स्की-२ काढलं तर तिच्यात फारसा फरकही दिसत नाही. दोन्ही काढली की ती मरते. जॉन्सन आणि कोलोडनर यांनी हे १९९५ मध्ये दाखवलं.

आता 'आंतरक्रिया'. इथे दोन जनुकांत प्रत्यक्ष काही घडावंच लागत नाही. ही संज्ञा एका तुलनेचं नाव आहे. समजा एका उत्परिवर्तनाने वाढ ०.८ पट होते, दुसऱ्याने ०.९ पट. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर दुहेरी उत्परिवर्तित पेशीची वाढ ०.७२च्या आसपास असायला हवी. तेवढीच भरली तर आंतरक्रिया नाही. ०.३ भरली तर ऋण, ०.८ भरली तर धन. शून्य भरली तर संयोगमारक. म्हणजे संज्ञा मोजते ती अपेक्षेपासूनची तफावत. म्हणून मी 'जनुकीय अन्योन्यपरिणाम' सुचवतो.

प्रतिसाद २
'संयोगमारक' लगेच घ्यावा असा शब्द आहे. 'अन्योन्यपरिणाम' मात्र पटत नाही. 'आंतरक्रिया' विज्ञानलेखनात रुळलेला आहे, तो मोडला तर विद्यार्थ्याला जुनी आणि नवी पुस्तकं जुळवता येणार नाहीत. शिवाय 'परिणाम' म्हटलं तरी वाचक विचारणारच, कोणाचा कोणावर?

प्रतिसाद १
आक्षेप रास्त आहे. पण रुळलेल्या शब्दाने वाचकाची समजूत कुठे चुकते ते पाहा. एमईटी-२२ हे एक एंझाइम आहे, पीएपी नावाचा छोटा रेणू मोडणारं. ते काढून टाकलं की पीएपी साठतो आणि एक्सआरएन-१ व त्याचा केंद्रकातला भाऊबंद रॅट-१ या दोघांचं काम अडवतो. आता टीआरएम-४ आणि टीआरएम-८ ही टीआरएनएवर (प्रथिन बांधताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएवर) रासायनिक खुणा करणारी एंझाइमं नसलेली पेशी घ्या. तिच्या एका व्हॅलिन-वाहक टीआरएनएवर रासायनिक खुणा पुरेशा उरत नाहीत, एक्सआरएन-१ आणि रॅट-१ त्याचा फडशा पाडतात आणि वाढत्या तापमानात पेशी तग धरत नाही. तिच्यातून एमईटी-२२ काढलं की ती वाचते! आणखी एक जनुक कमी करून पेशी जगली, यापेक्षा ठळक जनुकीय आंतरक्रिया कोणती? तरीही एमईटी-२२ने एक्सआरएन-१ला स्पर्श केलेला नाही, मधला सगळा व्यवहार पीएपीचा.

याउलट रॅट-१ आणि राय-१ ही दोन प्रथिनं खरोखर एकमेकांना धरून काम करतात. या दोन्ही नात्यांना एकच 'आंतरक्रिया' लावली तर वाचक दुसऱ्यावरून पहिल्याचं चित्र रंगवतो. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण मग दुहेरी उत्परिवर्तनाच्या प्रयोगातून काय कळलं हेच निसटतं.

प्रतिसाद २
मग नियम असा करू : 'आंतरक्रिया' एकटा लिहायचाच नाही. एकीकडे 'जनुकीय आंतरक्रिया', दुसरीकडे 'प्रथिनांची भौतिक आंतरक्रिया'. पहिल्यांदा येईल तिथे तफावतीची व्याख्या अर्ध्या वाक्यात द्यायची.

प्रतिसाद १
हे मान्य. 'अन्योन्यपरिणाम' मागे घेतो.

प्रतिसाद ३
अनुवादिकेसाठी एक सूचना. जुन्या संदर्भांत स्की-१, केम-१, सेप-१ अशी नावं दिसतील. ती एक्सआरएन-१च्याच जनुकाची आहेत. कोणी ते यीस्टमधल्या मारक विषाणूचं विष वाढवणाऱ्या उत्परिवर्तनातून गाठलं, कोणी केंद्रकं एकत्र येण्यातल्या बिघाडातून, कोणी डीएनएच्या धाग्यांची अदलाबदल करणारं प्रथिन शोधताना. एकच नाव ठरवून बाकीची पहिल्या उल्लेखात द्या, नाहीतर वाचक जनुकाची स्वतःशीच आंतरक्रिया शोधत बसेल.

प्रश्नकर्ती
आभार. वाक्य आता असं : 'एक्सआरएन-१ आणि स्की-२ यांची जनुकीय आंतरक्रिया संयोगमारक आहे, एकेक जनुक गेलं तर पेशी जगते, दोन्ही गेली तर मरते.' अजून एक अडलंय. एमईटी-२२सारख्या उदाहरणात 'सप्रेशन'ला मी 'दमन' लिहिलंय.

प्रतिसाद १
'दमन' नको, त्यात एका जनुकाने दुसऱ्याला दाबल्याचा भास होतो. इथे दबतो तो दोष, म्हणून 'दोषशमन'. रॅट-१च्या प्रयोगालाही तोच चालेल : केंद्रकात शिरण्याचा संकेत जोडून एक्सआरएन-१ आत पाठवलं, तेव्हा रॅट-१च्या उत्परिवर्तनाचं दोषशमन झालं. मात्र तिथे एका एंझाइमने दुसऱ्याची जागा घेतली, तर एमईटी-२२च्या बाबतीत नासाडी करणारी एंझाइमंच थांबली. हा भेद 'भरपाईने दोषशमन' आणि 'अटकावाने दोषशमन' असा लिहिता येईल.