उजवा हात प्लास्टरमध्ये, नाडी कशी बांधू?

पेठेतली: पावसात वाड्याच्या जिन्यावरून घसरले, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरी मी आणि सासूबाई, वय 81. पोळ्यांना मावशी लावल्या, तो प्रश्न मिटला. पण नाडी एका हाताने बांधायची कशी? वेणीचं तर सोडाच. काल दुधाची पिशवी दातांनी फोडली, अर्धं दूध ओट्यावर. आणि प्लास्टरच्या आत ही खाज! विणायची सुई घालू का?

कर्वेनगरची ताई: सुई अजिबात नको गं! आत जखम झाली तर कळायचंही नाही. मी ड्रायरची गार हवा सोडायचे. नाडी काढून इलॅस्टिक घाल. तुळशीबागेतून पुढून बटणांचे गाऊन आण, एक माप मोठे, बाही प्लास्टरवरून गेली पाहिजे. घालताना आधी मोडका हात, काढताना तो शेवटी.

उगाच_बोलतो: पिशवी पातेल्यात उभी ठेवून कोपरा कात्रीने कापा, दात जपा. बोटं हलवत राहा, झोपताना हात उशीवर उंच. बोटं बधिर किंवा निळी पडली तर इथे विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पेठेतली: सुई परत टोपलीत. वेणी आज सासूबाईंनी घातली. इतकी घट्ट, की भुवया वर गेल्यात.