अक्षौहिणी म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : ‘अक्षौहिणी’ या महाभारतातल्या सैन्याच्या मापाचा आकडा कोणी २१,८७० सांगतं, कोणी २,१८,७००. खरा कोणता? आणि लिहायचं ‘अक्षौ’ की ‘अक्षो’?

प्रतिसाद : आधी लेखन. अक्ष + ऊहिनी. नेहमीच्या संधीनियमाने ‘अक्षोहिणी’ व्हायला हवं होतं, पण वार्तिककार (पाणिनीच्या सूत्रांवर पुरवणी नियम लिहिणाऱ्या) कात्यायनाने या शब्दासाठी खास अपवाद सांगून ठेवलाय. म्हणून ‘औ’च.

आकडे दोन्ही खरे. महाभारताच्या आदिपर्वातला हिशेब पत्तीपासून (चहाची नव्हे) सुरू होतो : १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. पुढे दरवेळी तिप्पट : सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी. त्यात रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०. बेरीज २,१८,७००. घोटाळा होतो तो एका अनीकिनीची एकूण बेरीजही २१,८७०च येते म्हणून.

‘एका अक्षौहिणीत २,१८,७०० सैनिक’ असं मात्र लिहू नये. त्यात हत्तीघोडेही मोजलेत.

प्रतिसाद : म्हणजे ‘वाहिनी’त ८१ रथ आणि ‘चमू’त ७२९! आणि आपण पंधरा खेळाडूंना चमू म्हणतो. :)

प्रतिसाद : या चारही आकड्यांतल्या अंकांची बेरीज १८ येते. पर्वं १८, युद्धाचे दिवस १८, सैन्य १८ अक्षौहिणी. हा योगायोग कसा म्हणायचा?

प्रतिसाद : दादा, पर्वांचं ठाऊक नाही, पण अंकांच्या बेरजेत गूढ फारसं नाही. सात वेळा तिप्पट केलं की ३ चा सातवा घात, २,१८७, आत येऊन बसतो. ९ ने भाग जाणाऱ्या संख्येतल्या अंकांची बेरीज ९, १८, २७ अशीच येणार. पाचसहा अंकी संख्येला १८ येणं अगदी साधं.

मला त्याहून गोड वाटते ती दुसरी गोष्ट. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (हो, ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले) यांनी ‘हर्षद संख्या’ हे नाव दिलं : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती, हर्ष देणारी. २१,८७० भागिले १८ = १,२१५. उरलेले तीन आकडेही १८ ने निःशेष भागले जातात. चारही हर्षद!

प्रतिसाद : आणि कौरवांच्या ११, पांडवांच्या ७ मिळून अठरा अक्षौहिणींचा एकूण आकडाही हर्षद?

प्रतिसाद : तेव्हा एकूण ३९,३६,६००. अंकांची बेरीज २७ आणि भागाकार १,४५,८००. तीही हर्षदच.