मदत हवी आहे: नातीचं वजन 2 किलो 350, कुठल्या तक्त्यात बघायचं?

लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, सिंहगड रोडला. मंगळवारी पहाटे नात झाली. 37 आठवडे 3 दिवस, नॉर्मल. काट्यावर हिरव्या कपड्यात ठेवली तेव्हा आकडे थोडा वेळ पळत राहिले आणि 2.350 वर थांबले. कार्डावर लाल पेनाने ‘एलबीडब्ल्यू’ (म्हणजे जन्मतः कमी वजन) लिहिलं गेलं, तेव्हापासून लेकीच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. विहीणबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न वजनाचा. आज 2.200 भरलं, म्हणजे आणखी उतरलं!

जागतिक आरोग्य संघटनेची अडीच किलोची रेषा मला माहीत आहे. पण ती 37 आठवड्यांच्या बाळालाही तीच आणि 40 च्याही. त्यांच्याच 2006 च्या तक्त्यात मुलींचं मधलं वजन 3.2 आणि खालची मर्यादा 2.4. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला, त्यात बाळांचं सरासरी वजनच 2.7 च्या आसपास होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला आणि 2019-21 लाही साधारण 18 टक्के बाळं अडीचच्या आत. मग आपल्या बाळांना आपलं माप लावायचं की जगाचं? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

काकू, अभिनंदन! मी नवजात विभागात नर्स होते.

आठवड्यांप्रमाणे बघायचं तर ‘इंटरग्रोथ-21’ चा तक्ता आहे, मुलींचा वेगळा. डॉक्टरांना त्यावर खूण करून दाखवायला सांगा. आठ देशांतल्या निरोगी, नीट खाऊनपिऊन असलेल्या आयांच्या बाळांवरून तो केला, आणि त्यात आपलं नागपूर होतं. आई धडधाकट असेल तर आपली बाळंही तशीच वाढतात, म्हणून वेगळं माप मला पटत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकून, असं निघालं. रेषा खाली आणली की आयांची आबाळच दिसेनाशी होते. तुमच्या लेकीची आबाळ झाली असं मात्र यातून काढू नका, एका बाळावरून ते कळत नाही.

उतरलेल्या वजनाचं म्हणाल तर सुरुवातीला दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, तुमचं साडेसहाच्या आत आहे. साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवी. दर दोन-अडीच तासांनी पाजा, झोपली असेल तर उठवून. उघड्या छातीशी धरून वर पांघरूण, जितका वेळ जमेल तितका. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. मध, घुटी काही नको. पाय गार लागले, ओढून प्यायची थांबली किंवा पिवळी दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

धागाकर्ती

खूप आभार गं. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. झबलं काढून छातीशी घेतली आहे आत्ता, दोघी झोपल्यात. सव्वाचारला उठवायचं आहे. रविवारी वजन आहे, इथेच लिहीन.