पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड नव्या पोराला ऐकवायचा तर सुरुवात कुठून करावी?

घोडबंदरकर (ठाणे):
भाचा अकरावीत आहे, गिटार शिकतोय, परवा घरी आला आणि म्हणाला मामा तू सारखं पिंक फ्लॉइड पिंक फ्लॉइड करतोस तर मला पण ऐकव की. इतकं भारी वाटलं काय सांगू, पण लावायचं काय ते सुचेना. मी स्वतः कॉलेजात मित्राच्या कॅसेटवर त्यांचं 'टाइम' गाणं ऐकून अडकलो, आधी ती सगळी घड्याळं एकदम ठणाणा करतात, मग निक मेसन बराच वेळ नुसता ड्रम्सवर खेळवत ठेवतो आणि त्यानंतर कुठे गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरचा आवाज अंगावर येतो. आजही कापूरबावडीला सिग्नलवर असताना लागलं तर आवाज वाढवतोच. पण हल्लीच्या पोरांना ३० सेकंदांच्या रील्सची सवय, 'टाइम' ज्यात आहे तो 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बम सलग लावला तर बसेल का तो? तुम्ही काय लावलं असतं?

ऐरोलीकर:
गिटार शिकतोय ना, मग 'विश यू वर हिअर', दुसरा विचारच करू नका. सुरुवातीला रेडिओची खरखर, मग लांबून येणारी बारीक गिटार, आणि तिच्यावर दुसरी गिटार अगदी जवळून, म्हणजे कोणीतरी घरात बसून रेडिओबरोबर वाजवतंय असं. हेडफोन लावून ऐकलं तर मध्ये खोकलासुद्धा ऐकू येतो. तोही तसाच त्यात सामील होईल बघा.
ते बसलं की त्याच नावाच्या अल्बममधलं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. ठाण्याहून वाशी लोकल सुटताना लावतो मी, गिल्मरचे ते चार स्वर येतात, पण गाण्याचा पहिला शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात, ऐरोली आलेली असते तोवर. घाईच नाही कसली, आलाप चाललाय निवांत. आणि हे सगळं सिड बॅरेटसाठी. बँड त्याने उभा केला, १९६८ मध्ये तोच बाहेर पडला, आणि जून १९७५ मध्ये याच अल्बमचं काम चालू असताना अचानक अ‍ॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला तर आधी कोणी ओळखलंच नाही, अंगाने सुटलेला, डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेले. हे माहीत झाल्यापासून मला ते गाणं इतर काही करता करता ऐकता येत नाही. भाच्याला गोष्ट जरूर सांगा, पण गाणं एकदा ऐकून झाल्यावर.

नेरुळवाली:
'द ग्रेट गिग इन द स्काय' कोणी म्हणेना म्हणून लिहितेय. शब्द नाहीत, नुसता क्लेअर टॉरीचा आवाज. तिला त्या गाण्याचे ३० पौंड मिळाले होते, २००४ मध्ये ती कोर्टात गेली आणि तडजोड झाल्यावर बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटबरोबर गाण्याची रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. लागायलाच हवं होतं, ती चाल तिचीच आहे.

ठेकेवाला (वाशी):
मी तबलावाला, त्यामुळे माझं मत 'मनी'. नाणी आणि गल्ल्याचा तो खळखळाट सुरू झाला की मात्रा मोजा, सात येतात. चक्क आपला सात मात्रांचा रूपक ताल, तीं तीं ना धीं ना धीं ना धरून बघा, बेस बरोबर बसतो त्यावर. डिक पॅरीचा सॅक्सोफोनसुद्धा सातातच वाजतो, आणि गिल्मरचा सोलो आला की गाणं चारात जातं, तिथे अक्षरशः पायाखालचा रस्ता मोकळा झाल्यासारखं वाटतं. सोलो संपला की परत सात. १९७३ चं गाणं आहे आणि अजून ती जागा आली की माझा हात मांडीवर आपोआप ठेका बदलतो.
आणि घोडबंदरकर, पोरांना ऐकायचा धीर नाही हे मला पटत नाही, माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विलंबित तीनताल धरून बसतात की. भाच्याला आधी काही सांगू नका, फक्त बोटांवर मोजत 'मनी' ऐकायला लावा. सोलोला मोजणी बदलली हे त्याने स्वतःहून सांगितलं तर त्याच दिवशी अख्खा 'डार्क साइड ऑफ द मून' लावा, मध्ये पॉज न करता.