५४-४६ वालं गाणं कुणाचं? टूट्स हिबर्टबद्दल कुणाला माहिती आहे का

रंकाळाकाठ:
मंडळी, परवा शाहूपुरीत दोस्ताच्या गॅरेजवर गाडी टाकली होती, तिथं त्याच्या फोनवर एक गाणं लागलं आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. गाणारा ओरडून सांगतो एकदा द्या, की बँड एकच ठोका मारतो, मग दोनदा म्हणतो की दोन, असं करत चारपर्यंत जातो, आणि आवाज असा की छातीतनं फाडून काढल्यासारखा. नाव बघितलं तर टूट्स अँड द मेटाल्स. रेगे, म्हणजे ते जमैकाचं संगीत, म्हटलं की मला फक्त बॉब मार्ले माहीत. गाण्यात जेलचं येतं, तर हा गाणारा टूट्स हिबर्ट खरंच जेलमध्ये होता काय? पुढं काय झालं त्याचं?

तिकटीवरचा:
भावा, लई मोठ्या माणसापाशी पोचलास. खरं नाव फ्रेडरिक हिबर्ट, जन्म ८ डिसेंबर १९४२, जमैकातल्या मे पेनचा. आईवडील चर्चमध्ये प्रवचन करायचे, गळा तिथंच तयार झाला, आपल्याकडं भजनात मागं बसून टाळ वाजवणारं पोरगं तयार होतं ना, तसाच. लहानपणीच दोघंही गेले, मग हा किंग्स्टनला ट्रेंचटाउनात आला, सलूनमध्ये काम करायचा आणि काम करता करता गायचा. तिथं अजून दोघं भेटले आणि तिघांचा ग्रुप झाला. १९६६ ला स्वातंत्र्याच्या फेस्टिवलची पहिली गाण्याची स्पर्धा यांनी मारली आणि नाव व्हायला लागलं तोवर गांजाच्या केसमध्ये आत. आपला काही गुन्हा नव्हता असंच तो सांगत आला. बाहेर आल्यावर १९६८ ला तू ऐकलंस ते गाणं, ५४-४६ म्हणजे त्यातल्या कैद्याचा नंबर. आणि त्याच वर्षी ‘डू द रेगे’, ज्यातनं रेगे हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. मार्ले माझाही जीव की प्राण आहे, पण नाव ज्याच्या गाण्यानं पसरलं त्याला आपल्याकडं कुणी ओळखत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

हलगी_उचगाव:
मी हलगी वाजवतो, कुस्तीच्या मैदानात, जत्रेत, म्हणून तालाचं सांगतो. आपल्या हाताला सवय म्हणजे पहिला ठोका दणकून मारायचा. रेगेच्या बऱ्याच गाण्यांत ड्रमवाला तिथंच गप्प बसतो, वजन येतं तिसऱ्यावर, आणि गिटार मधल्या मोकळ्या जागेत चिक चिक करत राहते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्यांचा ताल सुटलाय. दोन दिवस हात बसेना. मग पहिल्या ठोक्याला हात वर तसाच धरून ठेवला, मारलाच नाही, आणि एकदम झुलायला लागलं बघा. ते चारपर्यंत ठोके चढवणं मात्र आपलंच वाटतं, पैलवान मैदानात उतरताना हलगी अशीच चढत जाते.

कावळानाका_ताई:
एक गोष्ट राहिली ती मी सांगते, मला ती गाण्यांपेक्षा जवळची आहे. २०१३ ला अमेरिकेत रिचमंडला कार्यक्रम चालू असताना गर्दीतल्या एका १९ वर्षांच्या पोरानं दारूची बाटली फेकली, ती याच्या डोक्याला लागली. पुढं मनात भीती बसली, गर्दीपुढं उभं राहवेना, कार्यक्रम बंद, परत दौरे सुरू व्हायला २०१६ उजाडलं. आणि तरी कोर्टात केस उभी राहिली तेव्हा यानं जज्जला पत्र लिहिलं की पोरगं लहान आहे, जेलमध्ये तरुण पोरांचं काय होतं ते मी ऐकलंय, त्याला तिथं पाठवलं तर माझा त्रास अजून वाढेल. तरी सहा महिने झालेच त्याला. स्वतः आत जाऊन आलेला माणूस ते लिहितो, हे वाचून मी रडले होते. ११ सप्टेंबर २०२० ला किंग्स्टनमध्ये वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात नवीन अल्बम आला होता, त्याला नंतर ग्रॅमी मिळालं.

रंकाळाकाठ:
ताई, हे पत्राचं वाचून परत गाणं लावलं, आता ते कैदी नंबर म्हणतो तेव्हा वेगळंच ऐकू येतं. आभार सगळ्यांचे. अजून काय ऐकू?

तिकटीवरचा:
‘प्रेशर ड्रॉप’ लाव. हेडफोनवर नको, मोठ्या स्पीकरवर, बेस नीट येऊदे.

हलगी_उचगाव:
रविवारी सकाळी तालमीत ये स्पीकर घेऊन. मी हलगी शेकून तयार ठेवतो, पहिला ठोका सोडून वाजवून बघू.