मदत हवी आहे: पोल वर नेला की पाण्याची धार मरते, पंप थांबून थांबून चालतो

पुण्यातल्या एका कार्यालयाच्या इमारतीच्या काचा पाणीवाल्या पोलनं (टोकाला ब्रश आणि आतून पाण्याची नळी असलेला लांब दांडा) धुवायच्या आहेत. तळमजला अधिक तीन मजले, सर्वांत वरची काच जमिनीपासून साधारण १२ मीटरवर. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, वर बंद काचा.

सामान असं आहे: २०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा १०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) डायफ्रॅम पंप (मोकळा सोडला तर मिनिटाला ५ लिटर), डिजिटल फ्लो कंट्रोलर (पंपाचा वेग कमीजास्त करून धार ठरवणारा), रीळावर १०० मीटर होजपाइप आतून ६ मिमीचा, पोलमधली नळी आतून ५ मिमी, ब्रशला २ मिमीचे दोन पेन्सिल जेट (सरळ बारीक धारेची तोंडं). पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६५०. आरओ गाळणी आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टाकीत ० ते २ येतो.

अडचण: तळमजल्याला धार चांगली पडते. दुसऱ्या मजल्याच्या पुढे गेलं की धार लुळी पडते, पंप खटखट करत थांबतो, पुन्हा सुरू होतो. कंट्रोलर मधूनच नळ बंद असल्याचा इशारा देऊन पंप थांबवतो, नळ तर उघडा असतो. वरच्या काचांवर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, खालच्यांवर नाहीत. १५० पीएसआयचा पंप घ्यावा असा सल्ला मिळाला आहे. घ्यावा का?

प्रतिसाद १

पंप घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. आधी पाणी नेमकं कुठे अडतंय ते मोजा. त्याला वेगळं मीटर लागत नाही.

रंगाची २० लिटरची बादली घ्या, १० लिटरवर खूण करा. पंपाची ओढणारी नळी टाकीतून काढून त्या बादलीत सोडा आणि पाणी २० लिटरवरून खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते बघा. वर पडणारं पाणी गोळा करता येत नाही, पण खालून किती गेलं ते अचूक कळतं. कंट्रोलर पूर्ण उघडून चार वेळा मोजा:

१. पंपाच्या तोंडाशी, पुढे काहीच न जोडता.
२. रीळाच्या शेवटी, पाइप जमिनीवर.
३. पोल आणि ब्रश जोडून, पोल जमिनीवर आडवा.
४. पोल उभा करून, ब्रश तिसऱ्या मजल्याच्या काचेशी.

तळाशी थोडं पाणी ठेवूनच थांबा. नळीनं हवा ओढली तर पंपात हवा अडकते आणि पुढचं मोजमाप फुकट जातं.

प्रतिसाद २

सोबत पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.५ आणि पंपावर ११ दिसत असतील तर दोष वायरीचा. १ चौरस मिमीची वायर, जाऊन येऊन १० मीटर, ८ अँपिअर करंट: दीड व्होल्टच्या आसपास वायरीतच जातात. ४ चौरस मिमीची तांब्याची घातली तर तो तोटा ०.४ च्या आत येतो. पंप हळू फिरला की लक्षणं हुबेहूब तुम्ही सांगताय तशीच दिसतात, म्हणून हे आधी बाजूला काढा. पंपाच्या तोंडाची जाळीही उघडून धुवा, रेझिनचे मणी तिथे येऊन बसतात.

धागाकर्ता

मोजलं. १० लिटरला लागलेला वेळ: पंपाशी २ मिनिटं, रीळाच्या शेवटी ४ मिनिटं, पोल आडवा असताना पावणेपाच मिनिटं, पोल उभा केल्यावर साडेसहा मिनिटं, आणि त्यात पंप थांबत थांबत चालला. पंपावर १२.२ व्होल्ट, बॅटरीवर १२.४. जाळी स्वच्छ होती.

प्रतिसाद १

मग वीज ठीक आहे. ५ लिटरचे २.५ लिटर रीळातच झाले. खरा चोर तो १०० मीटरचा ६ मिमी पाइप.

मिनिटाला २ लिटर पाणी हवं असेल तर दाब कुठे कुठे खर्च होतो ते पाहा. १०० मीटर, ६ मिमी: घर्षणात सुमारे ५८ पीएसआय. पोलमधली नळी आणि तिचा पोलखाली सुटा राहणारा भाग मिळून १५ मीटर, ५ मिमी: सुमारे २१. १२ मीटर उंची: १७ (दर मीटरला १.४२, त्यात सवलत नाही). दोन जेट: ३. बेरीज ९९. तुमच्या पंपाचा प्रेशर स्विच १०० ला पंप बंद करतो. म्हणजे पंप सतत स्विचच्या काठावर उभा आहे, म्हणूनच ती खटखट. कंट्रोलरचंही तेच: नळ बंद झाला की मोटरचा करंट चढतो, त्यावरून तो ओळखतो. इथे नळ उघडा असूनही मागचा दाब इतका की करंट तसाच चढतो, आणि त्याची फसगत होते.

१५० चा पंप आणला तर पाणी जाईलही, पण जास्तीचा सगळा दाब पहिल्यांदा पाइपच्या सांध्यांवर बसेल. वर उभ्या पोलमध्ये पुश-फिट (नळी दाबून बसवायचा सांधा) सुटलं की अंगावर पाणी, आणि पोल हातातून निसटायची भीती. घर्षण कमी करणं स्वस्तही आहे आणि बरंही.

प्रतिसाद ३

यात एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. टाकी इमारतीच्या मध्यावर ठेवली तर १०० मीटर पाइप लागतो तरी कशाला? रीळावर गुंडाळलेल्या पाइपमधूनही पाणी जातंच, त्याचं घर्षण भरावंच लागतं. ५० मीटरला कापा आणि क्विक कपलर लावा, गरज पडली तरच उरलेला तुकडा जोडा. २९ पीएसआय लगेच वाचले, बेरीज ७० वर आली.

पण कपलर पूर्ण आरपार भोकाचा बघून घ्या. काही कपलर आतून ४ मिमीच असतात, तसे चार सांधे झाले की वाचवलेल्यातलं थोडं परत जातं.

धागाकर्ता

आणि ८ मिमी पाइप घेतला तर? वजनाचं काय?

प्रतिसाद १

त्याच २ लिटरला १०० मीटर ८ मिमीमध्ये ५८ च्या जागी १५ पीएसआय. व्यास फक्त २ मिमीनं वाढला, घर्षण जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. एकूण बेरीज ५६. पाइपमधलं पाणी २.८ लिटरऐवजी ५ लिटर, म्हणजे पाइप सोडून सव्वादोन किलो जास्त ओढायचे. १२ मिमीचा बागेचा पाइप मात्र आणू नका. त्यात सव्वाअकरा लिटर पाणी मावतं, दिवसभर तो फरपटत नेताना खांदे जातात आणि कोपऱ्यावर मुरगळतो.

तुमच्या कामाला ५० मीटर ६ मिमी पुरेल. रोज वेगवेगळ्या जागी जायचं असेल तर ८ मिमी घ्या.

प्रतिसाद ४

पाइप बदलेपर्यंत आणखी एक उपाय आहे: धार कमी करा. ऐकायला उलटं वाटतं, पण घर्षण प्रवाहापेक्षा जास्त वेगानं चढतं. २ लिटरवरून दीडवर आणलं तर तुमच्या आहे त्या पाइपवर बेरीज ९९ वरून ६७ च्या आसपास उतरते. पंप न थांबता चालतो, आणि थांबून थांबून येणाऱ्या २ लिटरपेक्षा सलग दीड लिटरनं काच जास्त स्वच्छ निघते. नियमित धुतल्या जाणाऱ्या काचेला दीड ते दोन लिटर पुरतात. पहिल्यांदाच धुवायची असेल, वर सिमेंटची धूळ आणि कबुतरांची घाण असेल, तर तीन लागतात.

कंट्रोलर पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे नळ बंद आहे हे तो कुठल्या पातळीवर ओळखतो ते नव्यानं ठरवा. पाइप पूर्ण पसरलेला, पोल उभा, ब्रश सर्वांत वरच्या काचेशी, आणि धार रोज वापरणार तेवढीच. जमिनीवर पोल आडवा ठेवून केलेलं कॅलिब्रेशन वर गेलं की चुकतं. बहुतेक जण नेमकं हेच करतात.

धागाकर्ता

समजलं. ठिपक्यांचं काय? टाकीत टीडीएस ० ते २ च आहे.

प्रतिसाद २

टाकीतला नको, ब्रशच्या तोंडाशी येणारा मोजा. पोल खाली घेऊन पेल्यात पाणी धरा. दोन्हीकडे सारखाच आला तर पाण्याचा दोष नाही, खळबळून धुणं अपुरं पडतंय. ब्रशनं सुटलेली माती काचेवरच वाळते, कारण वर धार पोचतच नव्हती. खाली ठिपके नाहीत, हा त्याचाच पुरावा.

एक ठिपका शुद्ध पाणी आणि मऊ कापडानं पुसून बघा. निघाला तर तो धुण्यातला राहिलेला. नाही निघाला तर जुना क्षार आहे, एसीचं किंवा बोअरचं पाणी ओघळून बसलेला. तो पोलनं कधीच जाणार नाही, धार कितीही वाढवा.

प्रतिसाद ३

वरची चौकट विसरू नका. आधी चौकटीची वरची कड आणि रबर घासा, पाणी निथळू द्या, मग काच. उलट केलंत तर धुतलेल्या काचेवर चौकटीतलं मळकं पाणी दहा मिनिटं ठिबकत राहतं आणि दोष टीडीएसला जातो.

शेवटचं धुताना ब्रश काचेवरून बोटभर उचला आणि वरच्या कडेनं आडवी धार फिरवा. पाणी चादरीसारखं एकसंध उतरत असेल तर पेन्सिल जेट उत्तम. थेंब थेंब होऊन फुटत असेल तर पंखा जेट (पसरट धारेचे) लावा, ते जास्त रुंदी भिजवतात. मात्र चार पेन्सिल जेट लावू नका. त्याच दोन लिटरमध्ये प्रत्येकाचा वेग निम्मा होतो आणि धार काचेपर्यंत न जाता ब्रशच्या केसांवरच ओघळते.

धागाकर्ता

तळमजल्याच्या सरकत्या खिडक्यांतून पाणी आत टेबलांवर जातं. तिथे काय करायचं?

प्रतिसाद ४

तिथे मिनिटाला १ लिटरवर या. सुरू करण्याआधी खालच्या ट्रॅकमधली बाहेरची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा. ती धुळीनं बुजलेली असली की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूनं सांडतं. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या फटीवर धार सरळ मारू नका, तिथला केसाळ पट्टा पाणी अडवत नाही, फक्त धूळ अडवतो. ब्रश वरून खाली न्या, खालच्या चार बोटांत थांबू नका. कुलूप नीट लागलेलं आहे का ते आतून कुणाला तरी बघायला सांगा, पल्ला अर्धा सेंटिमीटर उघडा असला तरी पुरे होतं.

नळ पोलवर हाताशी हवा. खिडकीवरून खिडकीवर जाताना तो बंद करा. दीड लिटरनं सलग चाललं तर २०० लिटरची टाकी सव्वादोन तासांत संपते. तुमचं आरओ दिवसाला ४०० गॅलनचं असेल तर चांगल्या दाबावर मिनिटाला जेमतेम १ लिटर बनवतं, त्यामुळे टाकी आदल्या रात्री भरून ठेवा. उन्हात पाइप मऊ पडून फुगतो. नळ बंद केल्यावर त्यात दाब साठून राहतो आणि उघडताच पहिला फटकारा जोरात येतो. तो भिंतीवर सोडा, काचेवर नको.

प्रतिसाद २

पोल कार्बन फायबरचा असेल तर तो वीज वाहून नेतो. इमारतीजवळून तारा जात असतील त्या बाजूला पोल उभाच करू नका, पाणी शुद्ध आहे म्हणून धोका टळत नाही. ती बाजू शिडी लावूनही करू नका, वीज कंपनीकडून आधी तारा बंद करून घ्या.

धागाकर्ता

५० मीटरला कापला, आरपार भोकाचा कपलर लावला, पोल उभा करून कॅलिब्रेट केलं. तिसऱ्या मजल्यावर १० लिटरला ५ मिनिटं लागली, पंप एकदाही थांबला नाही. ब्रशशी टीडीएस २. ठिपके पुसल्यावर निघाले, चार काचा सोडून. त्या चारही काचा एसीच्या ठिबकणाऱ्या नळीखालच्या आहेत.

प्रतिसाद २

त्या चार काचांना पोल लावू नका. आधी एसीची नळी वळवून घ्या, मग क्षार काढणारं द्रावण हातानं लावा, तेही कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघून.