गिरणीवर मालिका निघाली, तर तिच्यात कोणाची गोष्ट हवी? आपले अनुभव लिहा

बीबीसीच्या ‘क्लॉकिंग ऑफ’ (२०००–२००३) या मालिकेत मँचेस्टरच्या एका कापड कारखान्यातील कामगारांच्या कथा आहेत. एका भागात ओझरता दिसलेला माणूस पुढे स्वतःच्या भागाचा नायक होतो. मुंबईच्या गिरण्यांवर अशी मालिका निघाली, तर आपल्या घरातील कोणाची गोष्ट तिच्यात यायलाच हवी, ते कृपया लिहावे. १९८२ च्या गिरणी संपाआधीचे रोजचे जगणेही यावे, ही विनंती.

साळखात्यातील (विणकाम खात्यातील) कामगाराची मुलगी :
ज्या साच्यांवर (मागांवर) वडील पहिली पाळी करत, त्यांवरच दुसऱ्या पाळीला एक काका येत. पाळी बदलताना जी काही दोन मिनिटे मिळत, त्यात कोणत्या साच्यावर ताणा (उभा धागा) सारखा तुटतो आहे हे वडील त्यांना खडखडाटात खुणांनीच दाखवत आणि उरलेल्या वेळात घरची खबरबात होई. त्यांच्या मुलीचे लग्न ठरल्याचे आम्हाला असेच कळले. दोन्ही कुटुंबे त्या लग्नातच प्रथम भेटली, तरी परकेपणा असा वाटलाच नाही.

खानावळवालीचा मुलगा :
डिलाईल रोडला आईची खानावळ होती. कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की हिशेब चुकता करत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबले. तरीही आईने ताटे बंद केली नाहीत, वाण्याची उधारी फेडायला स्वतःच्या पाटल्या मोडल्या. पुढे एकेक जण गावी निघून गेला. थकबाकीची वही तिने जपून ठेवली, पण कोणाला पत्र टाकून पैसे मागितले नाहीत. मालिकेत ही वही दिसावी, असे मला मनापासून वाटते.

बदली कामगाराचा पुतण्या :
कायम कामगाराचा खाडा झाला, तरच फाटकावर ताटकळणाऱ्या काकांना काम मिळे. एकदा गाववाल्यांच्या खोलीत शेजारच्या वळकटीवरचा माणूस तापाने फणफणला आणि काकांना नेमकी त्याचीच जागा मिळाली. पगार हाती येताच त्यांनी त्याच्या औषधाचे पैसे भरले. काकांनी ते कधीच परत घेतले नाहीत, अशी तक्रार मात्र तो जन्मभर करत राहिला.

वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यातील निवृत्त कामगार :
बायकांना केवळ डबा घेऊन दारात उभ्या दाखवू नका. आम्हीही पाळ्या केल्या आहेत.